दाढेतले सिमेंट आणि हाडाची साक्ष

मागच्या महिन्यात माझ्या दाढेवरची कॅप निघाली. निमित्त झाले शेंगदाण्याच्या चिक्कीचे. दुसऱ्या दिवशी नातीला बरोबर घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या छोट्या तुकड्यावर पांढरी पूड घेतली, तिच्यात द्रवाचे दोन थेंब टाकले आणि पात्याने ती भराभर घोटली. "आता सिमेंट लावते हं काका. कॅप बसली की दात दाबून धरा, बोलू नका." नात खुर्चीला टेकून सगळे बघत होती. तिने विचारले, "घर बांधतात ते सिमेंट?" डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही गं, हे वेगळं. पण अगदी तसलंच एक सिमेंटसुद्धा असतं आमच्याकडे!"

माझे तोंड मिटलेले, त्यामुळे मला काहीच विचारता आले नाही. पण परत येताना प्रश्न मनातून हलेना. आपण दुधाची पिशवी फुगलेली दिसली तर परत करतो, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख चष्मा लावून वाचतो. आणि जी वस्तू पुढची दहा-पंधरा वर्षे आपल्या तोंडात, जबड्याच्या हाडापासून अगदी जवळ राहणार, तिचे साधे नावही विचारत नाही! ती अंगाला चालते हे कोणी ठरवले, आणि कसे?

हा प्रश्न आजच विचारायला कारण आहे. आपल्या पिढीच्या निम्म्या दाढा 'चांदी' भरून वाचल्या. ही चांदी म्हणजे वजनाने सुमारे निम्मा पारा आणि उरलेल्यात चांदी, कथील, तांबे यांचे मिश्रण. दाढेत बसल्यावर ती मोठी गुणी वस्तू. पण तिच्यातला पारा दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि स्मशानाच्या धुरातून हवा-पाण्यात जातो. जपानमधल्या मिनामाटा उपसागरात कारखान्याने सोडलेल्या पाऱ्याने माशांमार्फत माणसांची काय दैना केली, ते १९५६ पासून जगापुढे आहे. त्याच गावाचे नाव घेऊन २०१३ साली पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१८ साली भारतानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांत चांदी भरणे, काही वैद्यकीय अपवाद सोडता, बंद केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या परिषदेत करारातील देशांनी २०३४ पर्यंत ही चांदी संपवायचे ठरवले. ठीकच झाले. पण चांदी गेली की तिच्या जागी काय येणार? उत्तर सोपे आहे : रेझिनची भरणे आणि नाना तऱ्हेची सिमेंटे. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ माणसाच्या तोंडात राहून तपासली गेलेली वस्तू आपण काढतो आहोत, आणि तिच्या जागी जे येणार त्यातले बरेचसे गेल्या पन्नास वर्षांतले आहे.

या सिमेंटांचा गोतावळा मोठा आहे. सर्वात ओळखीचे ते लवंगेचे : झिंक ऑक्साइडच्या पुडीत युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, कालवून केलेले. दवाखान्यात शिरताच जो वास येतो तो त्याचाच. दुसरे काचेचे, ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते तयार केले आणि १९७२ च्या सुमारास जगापुढे मांडले. ॲल्युमिनियम व फ्लोराइड असलेल्या काचेची पूड आणि एक आम्ल यांच्या संयोगातून ते घट्ट होते आणि दाताला आपणहून चिकटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. गरीब देशांतल्या मुलांच्या दाढा वाचवायला यासारखे साधन नाही. तिसरे या काचेच्या सिमेंटात रेझिन घालून केलेले, निळ्या प्रकाशाने घट्ट होणारे. आणि चौथे नातीच्या प्रश्नातले. त्याची कथा पुढे येईलच.

आता कोणी म्हणेल, सिमेंट दाताला लागते, मग त्याचा हाडाशी संबंध काय? संबंध असा की दात भिंतीवरच्या खुंटीसारखा जबड्याच्या हाडात रोवलेला असतो. रूट कॅनाल करताना मुळाच्या पोकळीत भरलेले सिमेंट कधी कधी मुळाच्या टोकाबाहेर उतरते आणि थेट हाडात जाऊन बसते. काही वेळा शस्त्रक्रिया करून मुळाचे टोक उलट्या बाजूने बुजवावे लागते. तिथे तर सिमेंटाच्या शेजारी हाडच. शिवाय आता इम्प्लांट आले. हाडात टिटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर सिमेंटाने चिकटवलेली कॅप. थॉमस विल्सन या अमेरिकी दंतवैद्याने २००९ मध्ये दुखऱ्या इम्प्लांटांभोवतीच्या हिरडीत सूक्ष्म दुर्बीण घालून पाहिले. १०० पैकी ८१ ठिकाणी चिकटवताना बाहेर आलेले सिमेंट तसेच राहून गेलेले आढळले. ते काढून टाकल्यावर त्यांतल्या चारांपैकी सुमारे तीन ठिकाणी त्रासाची चिन्हे नाहीशी झाली. तेव्हा सिमेंट आणि हाड यांची गाठ पडते, आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त वेळा पडते.

म्हणून या सिमेंटांची परीक्षा माणसाच्या हाडाच्या पेशींवर घेतात. ही परीक्षा कशी होते ते एकदा एका प्रयोगशाळेत उभे राहून पाहिले आहे. आधी सिमेंटाच्या बटणाएवढ्या चकत्या पाडतात. त्या पेशींच्या खाद्यरसात, शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशाला, साधारण दिवसभर भिजत ठेवतात. चकतीतून जे काही सुटायचे ते या रसात उतरते. आपण रात्री मेथ्या भिजत घालून सकाळी पाणी घेतो तसेच. दुसरीकडे आपल्या अप्पेपात्रासारखी, पण तळहाताएवढी, ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते. प्रत्येक खळग्यात हजारो जिवंत पेशी. त्यांना तो रस देतात. कुठे पूर्ण, कुठे निम्मा, कुठे पाव. काही खळग्यांना नुसताच स्वच्छ रस, तुलनेसाठी.

एक-दोन दिवसांनी निकाल. त्यासाठी टिम मॉसमन यांनी १९८३ मध्ये दिलेली एक सुंदर युक्ती वापरतात. पिवळा रंग खळग्यांत घालायचा. पेशी जिवंत असेल तर तो पचवून जांभळा करते. मेलेली पेशी काहीच करत नाही. मग जांभळेपणा यंत्राने मोजायचा. मी पाहिलेल्या ताटलीत एका टोकाला गर्द जांभूळ, मध्ये फिकट होत गेलेली रांग आणि दुसऱ्या टोकाला पिवळे पाणी असा देखावा होता. काम करणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "या शेवटच्या रांगेतल्या सगळ्या गेल्या, सर." आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम असा की स्वच्छ रसातल्या पेशींच्या तुलनेत ७० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जगल्या, तर तो पदार्थ पेशींना घातक समजावा.

परंतु नुसते जगणे पुरेसे नाही. हाड घडवणाऱ्या पेशीने हाड घडवले पाहिजे. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा पुढे जातात : पेशी सिमेंटाच्या पृष्ठभागाला चिकटतात का, त्यांच्यात हाड घडताना वाढणारे विकर वाढते का, दोन-तीन आठवड्यांनी त्या चुन्याचे कण साठवतात का, हे पाहतात. साठवले तर विशिष्ट लाल रंग दिल्यावर तांबडे ठिपके उमटतात. कामगार जिवंत आहे एवढ्यावर समाधान मानायचे, की भिंत उभी राहिली का ते पाहायचे, असा हा फरक आहे.

या पेशी येतात कुठून? अनेक वर्षे साऱ्या जगात हे काम १९४० च्या दशकात एका उंदरापासून मिळवलेल्या पेशींवर चालत आले, आणि आजही चालते. माणसाच्या हाडाच्या म्हणून ज्या पेशी सर्रास वापरतात त्या हाडाचा कर्करोग झालेल्या मुलांच्या आहेत. एमजी-६३ नावाच्या पेशी चौदा वर्षांच्या मुलाच्या, साओस-२ अकरा वर्षांच्या मुलीच्या. ती मुले कोण, हे त्यांच्या पेशी वापरणाऱ्यांना ठाऊक नसते. कर्करोगाच्या पेशी अमर्याद वाढतात, म्हणून सोयीच्या. पण त्या निरोगी पेशीसारख्या वागतातच असे नाही. तिसरा मार्ग म्हणजे अक्कलदाढ काढताना किंवा खुब्याचा सांधा बदलताना निघालेल्या हाडाच्या तुकड्यातून, रुग्णाच्या संमतीने, ताज्या पेशी वाढवणे. या पेशी खऱ्या हाडाच्या सर्वात जवळच्या. पण त्या थोड्याच पिढ्या टिकतात आणि माणसागणिक वेगळ्या वागतात.

पेशींना शरीराबाहेर जगवण्याच्या या विद्येशी आपला जवळचा संबंध आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हे तंत्र शिकल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. याच गाय यांच्याकडे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या पेशी, तिला न विचारता, कायमच्या वाढू लागल्या होत्या. त्याबद्दल तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती थेट २०२३ मध्ये. आज पुणे विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवते. हाडाच्या पेशीही त्यांत आल्या. थोडक्यात, ही परीक्षा घेण्याचे साहित्य आणि माणसे आपल्या दारात आहेत.

मग परीक्षेत काय दिसते? इथे गंमत सुरू होते. आजीच्या बटव्यातली, दाढदुखीवर हमखास गुणकारी म्हणून पिढ्यान् पिढ्या दाताखाली धरलेली लवंग या परीक्षेत सपशेल नापास होते. लवंगेच्या सिमेंटाचा अर्क खळग्यात टाकला की पेशी मोठ्या संख्येने मरतात. याचा अर्थ आजी चुकली का? नाही. दाढेच्या पोकळीत ते सिमेंट आणि आतला जिवंत भाग यांच्यामध्ये डेंटिनचा थर असतो. त्या थरातून युजेनॉल अगदी थोडे थोडे झिरपते, आणि तेवढ्या मात्रेत ते दुखणे शमवते. खळग्यात मात्र मध्ये काहीच नसते. म्हणून आता आंतरराष्ट्रीय मानकात डेंटिनची पातळ चकती मध्ये ठेवून घ्यायची परीक्षाही आहे. तेच सिमेंट मुळाबाहेर हाडात उतरले, तर तिथे मधला पडदा नाही. पदार्थ एकच, जागा दोन, निकाल दोन.

घरबांधणीच्या सिमेंटाची कथा याच्या उलट आहे. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाचे महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३ मध्ये मुळाचे छिद्र बुजवण्यासाठी एक नवे सिमेंट पुढे आणले. आज जगभर ते एमटीए या नावाने चालते. त्याच्या मूळ रूपातला सुमारे ७५ टक्के भाग म्हणजे पोर्टलंड सिमेंट. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ साली ज्याचे पेटंट घेतले तेच! बाकी एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड आणि थोडा जिप्सम. हे सिमेंट कालवल्यावर तीन तासांत चुन्याच्या निवळीइतके जहाल अल्कली होते, आणि ताजे असताना पेशींना भाजून काढते. त्या घटकेला परीक्षा थांबवली तर ते नापास. पण ते घट्ट झाल्यावर हाडाच्या पेशी त्याच्यावर येऊन बसतात, पसरतात, चुना साठवू लागतात. आज मुळाच्या टोकाशी भरायला याच्या तोडीची वस्तू क्वचितच सापडते.

यावर एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. ते शेवटी पोर्टलंडच, तर महाग डबी कशाला, कोपऱ्यावरच्या दुकानातले पोते का नको? कारण पोत्यातल्या सिमेंटात आर्सेनिक, शिसे यांचा अंश किती असावा याची काळजी इमारतीला नसते. दाताच्या सिमेंटासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने विरघळू शकणाऱ्या आर्सेनिकची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम घातली आहे. डबीची किंमत म्हणजे केवळ पुडीची किंमत नव्हे, त्यात या हमीचीही आहे. ती हमी खरी असली पाहिजे, एवढेच.

रेझिन मिसळलेल्या सिमेंटांची अडचण आणखी वेगळी. त्यांतला एक घटक लघुनामाने हेमा म्हणून ओळखला जातो. नाव सालस, पण निळा प्रकाश नीट पोहोचला नाही तर ही हेमा पूर्ण बांधली न जाता सुटत राहते, आणि पेशींच्या परीक्षेत साध्या काचेच्या सिमेंटापेक्षा हे मिश्रण बहुधा जास्त घातक ठरते. म्हणजे इथे सुरक्षितता कारखान्यात पुरी होतच नाही. ती डॉक्टरांच्या हातातल्या दिव्यावर आणि त्यांनी दिलेल्या सेकंदांवरही अवलंबून राहते. घाईच्या दवाखान्यात काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आता या विषयातली सर्वात दुःखद गोष्ट. काचेचे सिमेंट तोंडात इतके यशस्वी ठरले की १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात ते हाड जोडण्यासाठी वापरायची कल्पना निघाली. हाडाच्या ऊतींवर परीक्षा झाल्या, प्राण्यांवर झाल्या. हाडाशी त्याचे चांगले जमते असे निष्कर्ष निघाले, आणि ते खोटे नव्हते. मग कानामागच्या शस्त्रक्रियांत, कवटीच्या तळाचे छिद्र बुजवायला ते वापरले गेले. त्या जागी मेंदूभोवती खेळणारे पाणी ओल्या सिमेंटाला लागले. काचेतले ॲल्युमिनियम सुटले आणि त्या पाण्यात उतरले. रुग्णांना झटके येऊ लागले, शुद्ध हरपू लागली. १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्स आणि बेल्जियमच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची हकीकत मांडली. या प्रकारात मृत्यूही झाले, आणि कवटीसाठी त्या सिमेंटाचा वापर सोडून द्यावा लागला.

विचार करण्याजोगी गोष्ट ही की ॲल्युमिनियम मेंदूला बाधते हे तेव्हा नवीन नव्हते. डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमने मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या मेंदूवर आणि हाडांवर परिणाम होतो, हे १९७० च्या दशकातच ध्यानात आले होते. पण ते ज्ञान एका विभागात, आणि सिमेंट दुसऱ्या विभागात! हाडाला प्रश्न विचारला, हाडाने खरे उत्तर दिले. मेंदूला कोणी विचारलेच नाही. तेच सिमेंट आजही कोट्यवधी मुलांच्या दाढांत निर्धोकपणे बसले आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अँजेलो सार्जेंटी या स्विस दंतवैद्याने रूट कॅनालसाठी एक सिमेंट प्रचारात आणले होते. त्यात पॅराफॉर्माल्डिहाइड असे. मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मालिनचेच ते भावंड. ते पेशींना मारते हे सांगायला फार मोठ्या परीक्षेचीही गरज नव्हती. ते मुळाबाहेर गळून खालच्या जबड्यातल्या मज्जातंतूपाशी पोहोचले की ओठ-हनुवटी कायमची बधिर झाल्याच्या, हाड कुजल्याच्या नोंदी झाल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला कधीच मान्यता दिली नाही; तरी ते वर्षानुवर्षे वापरले गेले, कारण काम झटपट आणि स्वस्तात उरके. कवटीच्या बाबतीत परीक्षेचा प्रश्न अपुरा होता. इथे परीक्षेचे उत्तर समोर असून कोणी ऐकले नाही.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. 'सुरक्षित' हे विशेषण नुसत्या पदार्थाला लावता येत नाही. कोणता पदार्थ, कोणत्या जागी, किती, ताजा की घट्ट झालेला, कोणाच्या हातून आणि किती काळासाठी, हे सगळे जोडल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. पेशींची परीक्षा ही साक्षीदाराची साक्ष आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे. साक्ष मोलाची, पण कोणत्या प्रश्नाची साक्ष, हे माहीत असल्याखेरीज तिच्यावरून निकाल देता येत नाही.

आपल्याकडे कायद्याची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले आणि २०१८ च्या जानेवारीपासून लागू झाले. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. कमी जोखमीच्या वस्तूंना ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त जोखमीच्या वस्तूंना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. त्यासाठी द्यायच्या कागदपत्रांत शरीराशी वस्तू जुळते की नाही याची माहितीही असते. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसारख्या ठिकाणी अशा परीक्षा होतात. परंतु हे कागद कारखानदार आणि सरकार यांच्यातच फिरतात. ज्याच्या दाढेत ते सिमेंट बसते त्याच्या हाती काहीच पडत नाही. अमेरिकेत अशा मंजुऱ्यांचा सारांश कोणालाही वाचता येतो. युरोपने २०१७ च्या नियमांत शरीरात बसवलेल्या उपकरणाचे ओळखपत्र रुग्णाला देणे बंधनकारक केले. पण दात भरण्याचे साहित्य आणि कॅप यांना मात्र त्यातून वगळले. म्हणजे दात ही किरकोळ बाब, ही समजूत केवळ आपलीच नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक दवाखान्याने बिलावर किंवा चिठ्ठीवर भरलेल्या सिमेंटाचे नाव, त्याचा गट क्रमांक आणि तारीख लिहून द्यावी. आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेने परीक्षांचा एक पानी सारांश, कोणत्या पेशींवर, किती काळ, ताज्या की घट्ट झालेल्या सिमेंटाचा, असा सर्वांसाठी खुला ठेवावा. काही डॉक्टर मित्र म्हणतात की रुग्णाला यातले काय कळणार? नसेल कळत. बसच्या ब्रेकमधलेही आपल्याला कळत नाही, पण तपासणीचा दाखला गाडीत हवा असे आपण म्हणतोच. शिवाय पुढेमागे एखाद्या गटात खोट निघाली, तर कोणाच्या तोंडात ते आहे हे शोधायला दुसरा मार्ग कुठला? लहान दवाखान्यांवर कामाचा बोजा वाढेल हे खरे आहे. पण डबीवरची दोन ओळींची पट्टी फाडून चिठ्ठीला चिकटवायला कितीसा वेळ लागतो?

हे वाचून कोणी घाबरून जुनी भरणे उपटायला धावू नये. धड असलेली चांदीसुद्धा उगाच काढू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२० साली सांगितले आहे. ती कोरून काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. आणि किडलेली दाढ तशीच ठेवण्याचा धोका कोणत्याही मान्यताप्राप्त सिमेंटापेक्षा कितीतरी मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. त्यांना उपचार हवे आहेत, भीती नको. इम्प्लांट बसवून घेणाऱ्यांनी मात्र कडेचे सिमेंट नीट निघाले का, एवढे जरूर विचारावे, आणि हिरडी सुजली किंवा रक्त येऊ लागले तर वाट पाहत बसू नये.

आठवड्याभराने तपासणीसाठी पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना सिमेंटाचे नाव विचारले. त्यांनी आधी थोडे नवलाने पाहिले. मग कपाटातून डबी काढली, नाव आणि क्रमांक चिठ्ठीवर लिहिला आणि म्हणाल्या, "काका, इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच." ती चिठ्ठी आता घरच्या फाइलमध्ये चष्म्याच्या नंबराशेजारी लावून ठेवली आहे. नातीला तिच्या प्रश्नाचे उत्तरही दिले. तिने ते ऐकून घेतले आणि विचारले, "मग माझ्या दुधाच्या दाढेत काय भरलंय?" ते मात्र घरात कोणालाच सांगता आले नाही.